चुन्याची खूण

सह्याद्रीच्या पोटात, जमिनीखाली एकशे नव्वद मीटरवर, पाच माणसं आणि एक झाड असं बिऱ्हाड चारशे ऐंशी दिवस नांदत होतं. सुखानं म्हणवत नाही, पण नांदत होतं. वीजघरासाठी कुणी एके काळी कातळ पोखरला आणि मग काम अर्धवट टाकून निघून गेलं, ती ही गुहा. अंतराळवास संस्थेनं तिला आतून पांढरा लेप दिला, हवापाण्याची बंदिस्त सोय केली आणि 'कालबंद केंद्र' असं भारदस्त नाव ठेवलं. अर्थ सोपा होता. आत घड्याळ नाही, दिनदर्शिका नाही. छतातले दिवे लागले की सकाळ, विझले की रात्र. रोज सकाळी फळ्यावर एक रेघ ओढायची. सहाशे रेघा झाल्या की दार उघडणार. शनीकडे निघालेल्या यानात माणसं वर्षानुवर्षं कशी राहतील, त्याची ही रंगीत तालीम होती.

नियम तीनच. काळ मोजायचं कुठलंही साधन बनवायचं नाही. बाहेरची, अगदी घरचीसुद्धा, बातमी आत येणार नाही. आणि पाचांपैकी कुणालाही, कारण न सांगता, दाराशेजारची तांबडी सुटका-कळ ओढता येईल. कळ ओढल्यावर तासाभरात दार उघडणार. मात्र एकासाठी उघडलेलं दार सगळ्यांसाठीच उघडलं असं धरायचं, म्हणजे प्रयोग तिथंच बाद. त्यामुळे कळीवर धूळ साचली होती.

प्रत्येकाला घरून एक वस्तू आणायची मुभा होती. गटप्रमुख शरच्चंद्र निमकर, हवाई दलातून निवृत्त झालेले, यांनी बुद्धिबळाचा पट आणला. डॉक्टर फरीदा मुजावर यांनी शिवणाचा डबा. दोघा तरुण अभियंत्यांनी मिळून कॅरम आणला आणि पहिल्याच आठवड्यात त्यावरून अबोला धरला. हेमांगी रेडकर पेशानं वनस्पतिशास्त्रज्ञ. इथं तिच्याकडे पाणी शुद्ध करण्याचं काम होतं. तिनं आणलं होतं कुंडीतलं झाड.

फॉक्सटेल पाम. हल्ली कुठल्याही टोलनाक्यावर, मंगल कार्यालयाच्या फाटकाशी उभा असतो तो. कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार पानं, गुळगुळीत खोड, आणि उपयोग शून्य. वेंगुर्ल्याला तिच्या वडिलांनी, आबांनी, त्याला पहिल्याच दिवशी 'शेरातलो जावय' म्हणून टाकलं होतं. दिसायला देखणा, कामाला काही नाही. आबांची चाळीस वर्षं माडांवर चढून माडी काढण्यात गेली होती, त्यामुळे शोभेचं झाड ही कल्पनाच त्यांना चैनीची वाटायची. तरीही हेमांगीनं एकाच घोसातल्या बियांची दोन रोपं वाढवली. एक कुंडीत घालून गुहेत आणलं आणि त्याचं भावंड आबांच्या अंगणात लावलं.

त्यामागे कारण होतं. आबांचं हृदय थकलं होतं. पथ्यपाणी सांभाळलं तर दोन वर्षं, असं डॉक्टरांनी हेमांगीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आई केव्हाच गेलेली, भाऊबहीण कुणी नाही. ती प्रयोगाला नकार कळवणार होती, पण आबांनीच तिला दटावलं. त्यांचा दिनदर्शिकेवर विश्वास नव्हता. माडाला महिन्या-सव्वा महिन्याला एक पान येतं, एक गळतं, आणि गळालेल्या पानाचा खोडावर गोल वण राहतो. त्या वणांवर त्यांनी उभं आयुष्य मोजलं होतं. अंगणातल्या जावयाचाही हिशेब त्यांनी तसाच लावला.

"सहाशे दिवस म्हंजे सतरा पाना," ते म्हणाले होते. "सतरा पाना झाली काय तू येतलंस. मी थांबतलंय."

निघताना तिनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा आशीर्वाद द्यायचा सोडून त्यांनी झाडाविषयीच्या सूचना सुरू केल्या. पाणी तुंबू देऊ नको, शेंड्याला हात लावू नको, पिवळं पान कापू नको, कुंडी सारखी हलवू नको. पामच्या वाढीवर आपण प्रबंध लिहिलाय, असं तिनं हसत सांगितलं. त्यावर, माडाला वाचता येत नाही, एवढंच आबा म्हणाले.

चारशे ऐंशीव्या रेघेच्या सकाळी सोळावं पान उलगडलं. हेमांगीनं ते वहीत टिपलं आणि सहज मागची पानं चाळली. मग ती खाली बसली आणि पहिल्यापासून पुन्हा मोजू लागली. तिसऱ्यांदा मोजल्यावर ती उठली आणि वही घेऊन सरळ फरीदाच्या खोलीत गेली. फरीदा निमकरांच्या शर्टाला बटण लावत होती.

"चारशे ऐंशी दिवसांत या झाडाला तेरा पानं यायला हवीत," हेमांगी म्हणाली. "सोळा आलीत."

झाड जोमात आहे, चांगलंच झालं, असं फरीदाचं म्हणणं पडलं.

"जोमाला कारण लागतं. हे बघ, पामला फांद्या नसतात. शेंड्याला एकच कोंब असतो आणि त्यातून एकामागून एक, रांगेनं, पानं निघतात. दोन पानांमधला जो काळ, तो त्याचा पर्णकाल. ऊब आणि उजेड ठरलेला असला तर पर्णकालही ठरलेला. सत्तावीस अंशांत, निम्मा वेळ उजेड आणि निम्मा वेळ अंधार दिला तर छत्तीस दिवस. मी तीन वर्षं प्रयोगशाळेत हेच मोजलंय. इथं ऊब तीच आहे, उजेड निम्माच आहे."

"मग चुकलं कुठं?"

"उजेड निम्मा आहे, पण कशाच्या निम्मा? दिवे बारा तास जळून बारा तास विझले काय किंवा अठरा तास जळून अठरा तास विझले काय, झाडाला दोन्ही सारखंच. ते एकूण ऊब आणि एकूण उजेड यांची बेरीज करतं. फळ्यावरच्या रेघा त्याला कळत नाहीत. सोळा गुणिले छत्तीस. त्याच्या मते आपण इथं पाचशे शहात्तर दिवस आहोत."

फरीदानं सुई शर्टातच खोवली. मग तिनं उशाखालून स्वतःची छोटी डायरी काढली. तिची पाळी जन्मभर अठ्ठाविसाव्या दिवशी यायची, घड्याळ लावून घ्यावं अशी. इथं आल्यापासून ती एकोणिसाव्या, विसाव्या रेघेलाच येत होती. चव्वेचाळिसावं वर्ष चालू आहे, आता आवराआवर सुरू झाली असेल, असं समजून तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

दोघींनी हिशेब मांडला. झाडाच्या मते आतला एक दिवस एकोणतीस तासांचा होत होता. त्या मानानं फरीदाची पाळी तेविसाव्या-चोविसाव्या रेघेला यायला हवी होती. विसावी फारच लवकर होत होती. पण बंदिवासाचा ताण आहे, वयही आहे, तेव्हा तेवढी तफावत शरीराची धरू, असं फरीदानंच ठरवलं. झाडाला ताण नसतो. झाडावर भिस्त ठेवावी हेच बरं, असं दोघींचं एकमत झालं. लंबक टांगून तास मोजता आले असते, पण भिंतीभर कॅमेरे होते आणि साधन बनवलं की प्रयोग बाद. शिवाय लंबकानं आजचा दिवस मोजला असता. होऊन गेलेले दिवस फक्त झाडात आणि शरीरात साठलेले होते.

निमकरांना त्यांनी शिधाकोठीत गाठलं. तिथं कॅमेरा नव्हता. निमकर ऐकत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य काही उमटेना, तेव्हाच हेमांगीला कळलं की यांना माहीत आहे.

"अकरावं कलम," ते म्हणाले. "प्रयोगातल्या काही बाबी सहभागींना सांगितल्या जाणार नाहीत. तुम्ही दोघींनी त्यावर सही केलीय."

केली होती. माणूस सही आधी करतो आणि वाचतो नंतर, त्याला शास्त्रज्ञ तरी कसे अपवाद असतील?

मग निमकरांनी भोवतालच्या पोत्यांवर आणि डब्यांवर हात फिरवत सगळं सांगितलं. माणूस दिवसाला दोनदा जेवतो, तासाला नव्हे. झोपून उठला की त्याला भूक लागते आणि दिवस मावळला की पुन्हा लागते. तो दिवस रोज काही मिनिटांनी, कुणाच्या लक्षात येणार नाही असा, लांबवत नेला तर चार वर्षांचा शिधा पाच वर्षं पुरतो. शनीच्या वाटेवर शिध्याचं वजन हाच मोठा अडसर होता. याला संस्थेत 'दीर्घदिन योजना' म्हणत. दिवस लांबणार एवढं निमकरांना ठाऊक होतं. किती, ते त्यांनाही सांगितलेलं नव्हतं. सहभागींना सुगावा लागला की शरीर आपोआप सावध होतं, आणि मग सगळी मेहनत पाण्यात.

"माझ्या वडिलांना दोन वर्षं दिली होती डॉक्टरांनी," हेमांगी म्हणाली. "सहाशे दिवसांत परत येईन, असं सांगून आलेय मी त्यांना."

निमकर माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेन्सिल काढली आणि एका पुठ्ठ्यावर तिच्यासमोर हिशेब केला. झाड म्हणतं पाचशे शहात्तर. राहिल्या एकशे वीस रेघा, म्हणजे खरे एकशे चव्वेचाळीस दिवस. बेरीज सातशे वीस. दोन वर्षांचे दिवस सातशे तीस.

"दहा दिवस हातात राहतात, रेडकर. हा माझा शब्द नव्हे, तुमच्या झाडाचा आहे."

डॉक्टरांनी दिलेली दोन वर्षं म्हणजे काही एसटीचं वेळापत्रक नव्हे, असं फरीदानं तिथल्या तिथं बजावलं. निर्णय तुझा, हेही सांगितलं. हेमांगीनं तो पुठ्ठा हातात घेतला. तिला आबाही हवे होते आणि पाच माणसांच्या इतक्या दिवसांवर पाणी टाकल्याचा डाग नको होता. दोन्ही मिळण्याची वाट जर आकडे दाखवत असतील तर ती कुणाला आवडणार नाही?

"बरं," ती म्हणाली. "गप्प राहते."

ते गप्प राहणं सोपं नव्हतं. आता प्रत्येक दिवस तिला लांब वाटू लागला. दिवे विझले की ती मनातल्या मनात वेळ मोजू बघायची आणि चार आकडे होण्याआधी चुकायची. जेवताना अभियंते हसले तरी तिला वाटायचं, यांना सांगून टाकावं. एकच आधार होता. पुढचं, सतरावं पान झाडाच्या हिशेबानं तीस रेघांनी उलगडायला हवं होतं. पाचशे दहाव्या रेघेला. ते वेळेवर आलं की दहा दिवस शाबूत.

नवं पान पामच्या शेंड्यातून मिटलेल्या छत्रीसारखं सरळ वर येतं आणि मग एके दिवशी उलगडतं. पाचशे दहाव्या सकाळी छत्री मिटलेलीच होती. पाचशे बाराव्या, पंधराव्या सकाळीही मिटलेलीच. हेमांगीला आधी धसका बसला, आणि मग, सांगायला लाज वाटावी इतका, आनंद झाला. पान उशिरा येतंय म्हणजे कमी काळ गेलाय, म्हणजे बाहेरच्यांनी दिवस पुन्हा आखूड करायला घेतलेत. दहाचे पंधरा दिवस झाले असतील हातात. त्या रात्री ती कॅरमसुद्धा खेळली.

पाचशे अठराव्या रेघेला फरीदा तिच्या दारात येऊन उभी राहिली.

"अठराव्या दिवशी आली या खेपेस," ती म्हणाली. "इतकी लवकर कधीच नाही."

झाड म्हणत होतं, दिवस आखूड झाले. फरीदाचं शरीर म्हणत होतं, लांबले. आजवर दोन्ही साक्षीदार निदान एका बाजूला बोट दाखवत होते, आता ते उलटसुलट बोलू लागले होते. दोघांपैकी एकाचं काहीतरी बिनसलं होतं. फरीदानं वयाचं कारण पुन्हा पुढं केलं, पण या वेळी तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसेना.

दोन दिवसांनी चित्रणाचा दिवस होता. निमकर ठरावीक रेघांनी कॅमेऱ्यासमोर बसून अहवाल द्यायचे, आणि मागं पाम ठेवायचे. गुहेतली तेवढी एकच हिरवी वस्तू. त्यांना टापटीप लागायची. खालचं एखादं पान पिवळं पडलेलं असलं की ते आधी सांगायचे, रेडकर, शोभेचं झाड आहे, शोभू द्या की. आणि हेमांगी कात्री आणून ते पान कापायची. दर चित्रणाला एखादं, कधी दोन. सगळ्या बागांतून सगळे माळी हेच करतात, त्यात वावगं कुणाला वाटत नाही.

पाचशे विसाव्या सकाळी पुन्हा एक पान पिवळं होतं. हेमांगीनं कात्री लावली आणि सवयीनं शेजारच्या पानांवरून नजर फिरवली. सगळ्यांत नवं, सोळावं पान पंधराव्यापेक्षा वीतभर आखूड होतं. पंधरावं चौदाव्यापेक्षा बोटभर. तिनं खाली वाकून एकेक पान हातानं मोजलं. वरती वरती पानं लहान होत गेली होती.

आबांच्या चार सूचनांतली तिसरी तिला आठवली, आणि तिच्यामागचं कारणही. ती लहान असताना त्यांनी माडाखाली उभं राहून ते सांगितलं होतं.

"पिवळा पान कापू नको गो. जाताना ता नव्या पानाक सगळा दिवन जाता."

हीच गोष्ट ती विद्यार्थ्यांना पुस्तकी भाषेत शिकवत आली होती. जमिनीत पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी असलं की पाम जुन्या पानातलं पालाश काढून शेंड्याकडे पाठवतो. म्हातारं पान पिवळं पडतं ते रोगानं नव्हे, ते आपली पुंजी रिकामी करत असतं. पुरतं रिकामं झालं की आपोआप गळतं. ते आधीच कापलं तर कोंब उपाशी राहतो. पानं आखूड होतात आणि उशिरा येतात. गुहेतलं पाणी तर तिनं स्वतः गाळून गाळून निर्मळ केलेलं, त्यात पालाश नावालाही नव्हतं. झाड जगत होतं ते जुन्या पानांवर. आणि ती पानं चित्रात बरी दिसावीत म्हणून तिनं एकेक करून कापली होती.

ती धावतच फरीदाकडे गेली.

"तुझी डायरी," ती म्हणाली. "आल्यापासून किती पाळ्या झाल्या?"

फरीदानं मोजल्या. सत्तावीस.

"माझं घड्याळ मागं पडलंय, फरीदा. मीच त्याला उपाशी ठेवलंय. ते सोळा म्हणत होतं तेव्हा एकोणीस पानं व्हायला हवी होती. तुझं बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं." पुढचा गुणाकार तिला मोठ्यानं करवेना. फरीदानं केला. सत्तावीस गुणिले अठ्ठावीस, सातशे छप्पन्न. दोन वर्षं उलटून गेली होती.

तांबड्या कळीपाशी निमकर तिच्या आधी पोचले. त्यांनी दोघींना बोलताना ऐकलं होतं. त्यांनी तिला अडवलं नाही, फक्त कळीच्या पुढ्यात उभे राहिले. अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस एकदम थकलेला दिसला. ऐंशीच रेघा राहिल्यात, असं ते म्हणाले. एक-दोन महिन्यांची चूक फरीदाच्या आकड्यातही असू शकेल, हेही म्हणाले. आणि जे व्हायचं असेल ते आतापर्यंत होऊन गेलं असेल, असं म्हणता म्हणता त्यांचे शब्द अडखळले.

"सर, बाजूला व्हा," हेमांगी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही पुठ्ठ्यावर बेरीज केलीत आणि मी ती मानली, कारण मला ती मानायची होती. तुम्हाला दोष देत नाही मी. पण बाजूला व्हा."

निमकर बाजूला झाले. कळीवरच्या धुळीत तिच्या बोटांचे ठसे उमटले.

दार उघडलं तेव्हा बाहेर लख्ख सकाळ होती. खऱ्या उन्हानं पाचांच्याही डोळ्यांना धारा लागल्या. संस्थेचा एक अधिकारी धावत आला. तारीख काय, असं हेमांगीनं विचारलं. त्यानं ती सांगितली आणि आपण होऊन पुढं म्हणाला, की आजचा सातशे बावन्नावा दिवस. सत्तावीस पाळ्यांचा हिशेब चार दिवसांनी चुकला होता. मग त्यानं पाचही जणांना एकेक मोहरबंद पाकीट दिलं. आत घरचे निरोप होते. समुपदेशक बाई दुपारी येतील, त्यांच्यासमोर उघडावं अशी पद्धत आहे, असंही सांगितलं.

दुपारपर्यंत थांबायला हेमांगी तयार नव्हती. तिचा फोन दोन वर्षं कपाटात पडून मेला होता. फरीदानंच कुणाकुणाशी भांडून तिला गाडी मिळवून दिली. घाट उतरताना ड्रायव्हरनं आपला फोन पुढं केला. घरी लावा, म्हणाला. तिनं तो घेतला नाही. पाकीट तिच्या मांडीवर होतं, तेही उघडलं नाही. जोवर कुणी सांगत नाही तोवर काही झालेलं नाही, अशी एक वेडी आशा तिला सोडवत नव्हती. कणकवली गेली, कुडाळ गेलं. रस्त्याकडेला माड दिसू लागले, तशी ती प्रत्येकाच्या खोडाकडे बघू लागली.

वेंगुर्ल्याला पोचली तेव्हा ऊन कललं होतं. कुंपणाच्या बेड्याचं आडवं लाकूड सारून ती अंगणात शिरली आणि तिथंच थांबली.

अंगणात पाम उभा होता. कुंडीतल्या भावाच्या दुप्पट उंच, आणि वरचं प्रत्येक पान खालच्यापेक्षा लांब. त्याचं एकही पान कधी कुणी कापलेलं नव्हतं. खोडावर खालपासून वर गोल वण चढत गेले होते आणि प्रत्येक वणावर बोटानं ओढलेली चुन्याची पांढरी खूण होती. पहिल्या खुणा सरळ होत्या. वर वर त्या थरथरत, तिरक्या होत गेल्या होत्या. हेमांगी जवळ गेली आणि एकेका वणावर बोट ठेवत मोजू लागली.

सतराव्या वणावर चुन्याऐवजी गेरूचा तांबडा पट्टा होता, खोडाभोवती पुरता फिरवलेला. तिच्या येण्याचा दिवस. त्याच्या वर अठरावी खूण, पुन्हा चुन्याची. मग एकोणिसावी. ती जेमतेम बोटाच्या पेराएवढी होती.

तिच्या वर आणखी एक वण होता. त्यावर काहीच नव्हतं.

तिनं त्यावर बोट फिरवलं. कडा अजून हिरवट होत्या. तीन आठवड्यांपेक्षा जुना नसावा. खाली मातीत गळालेलं पान तसंच पडलं होतं, पुरतं पिवळं, पुरतं रिकामं. तिला पाकीट उघडायची गरज उरली नाही. खोडावर सगळं लिहिलेलं होतं.

आवाजानं शेजारच्या जयवंती काकी बाहेर आल्या. तिला बघून त्या पायरीवरच बसल्या आणि पदर तोंडाला लावला. किती दिवस झाले, असं हेमांगीनं विचारलं. आज बाविसावा, असं काकींनी सांगितलं.

बावीस. शिधाकोठीत पुठ्ठ्यावर बेरीज झाली त्याला चाळीस रेघा, म्हणजे खरे साठेक दिवस झाले होते. त्या दिवशीच कळ ओढली असती, तर तिला आबांबरोबर अडतीस-चाळीस दिवस मिळाले असते. हा हिशेब करायला तिला झाड लागलं नाही, आणि कुणी सांगितलं असतं तरी तो आता थांबणार नव्हता.

"सतरा पाना झाली तरी येना नाय, म्हणान सगळे त्येका सांगीत, तू इसारलंस," काकी म्हणाल्या. "तो म्हणायचो, माझा चेडू खोटा बोलूचा नाय. थय दिवसच लांब आसतले. रोज सकाळी चुन्याची वाटी घेवन झाडाखाली बसायचो. माडाक खोटा बोलूक येना नाय, म्हणायचो."

झाडाच्या बुंध्याशी करवंटी होती, तिच्यात चुना वाळून कडक झाला होता. हेमांगी विहिरीवर गेली, ओंजळीत पाणी आणलं, करवंटीत ओतलं आणि बोटानं चुना भिजवत बसली. तो मऊ व्हायला बराच वेळ लागला. मग तिनं उठून वरच्या वणावर खूण केली आणि खाली पडलेलं पान उचलून बुंध्याशीच मातीत दाबलं.